गाठ सुटली म्हणे!

"सुटली! पोरीची गाठ सुटली!"

कुंडल गावाच्या अलीकडं एका माळावर जमलेली शे-दोनशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढच्यांच्या पाठीवर चढले, पुढच्यांनी त्यांना शिव्या हासडल्या, आणि शिव्या देता देता दोघांनीही हात जोडले. पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर चार वर्षांची अंकिता उताणी निजली होती. डोक्यावरचे केस गेलेले, डोळे भेदरलेले, पोटावर हिरवा खण. खणाखालून निघालेल्या तिच्याच काळ्या करदोऱ्याचं टोक तिच्या आईच्या, संयोगिताच्या हातात होतं. मघाशी सगळ्यांदेखत सोडवणबाबानं त्या करदोऱ्यात गाठ मारली होती. आता दोरा सरळ होता आणि गाठ कुठंच नव्हती.

"बघा रं, डोळं फाडून बघा!" सोडवणबाबा गरजला. "दोऱ्यातली सुटली म्हंजी पोटातली सुटली! गाठ नशिबाची..."

"सोडवण बाबाची!" माळ दणाणला.

हा सोडवणबाबा म्हणजे पन्नाशीचा, अंगापिंडानं भरलेला गडी. पांढरी बंडी, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का आणि मनगटाला दोऱ्यांचं भेंडोळं. कोण म्हणे बारा वर्षं हिमालयात होता, कोण म्हणे गाणगापुरात. त्याच्याकडं इलाज एकाच दुखण्यावर, गाठीवर. गळ्याची, काखेची, छातीची, पोटाची, कसलीही गाठ घेऊन या. नवराबायकोच्या मनात गाठ बसली असली तरी चालेल. बाबा दोऱ्याला गाठ मारणार, खण टाकणार, पुटपुटणार आणि गाठ सोडवणार. आता आपल्या भाषेचंही बघा, दोऱ्यात बसते तीही गाठ आणि पोटात होते तीही गाठ. शब्द एकच. त्या एका शब्दावर ह्या गड्यानं अख्खं दुकान थाटलं होतं!

पण त्या दिवशीचा चमत्कार तेवढ्यावर संपला नाही. बाबानं कमरेच्या पिशवीतून एक तांबडा दोरा काढला.

"मागल्या गुरवारी ह्या दोऱ्यानं पोरीचं पोट मापलं होतं का न्हाई? सांग शालूबाई."

"मापलं हुतं, बाबा," अंकिताची आजी शालूबाई हात जोडून म्हणाली.

"घ्या मापून आता."

दोरा पोटाभोवती फिरला आणि टोकाला चांगला चार बोटं उरला. तो उरलेला दोरा बाबानं वर धरून चारी दिशांना दाखवला. शालूबाईनं बाबाच्या पायावर डोकं ठेवलं. खोटं कशाला सांगा, संयोगिताही त्या वेळी रडली ती आनंदानं. तिनं रोज अंघोळ घालताना बघितलं होतं, पोट खरंच कमी झालं होतं. डोळ्यांनी दिसलेलं खोटं कसं म्हणायचं?

"आता चाकू न्हाई लावायचा," बाबानं फर्मावलं. "गाठीला चाकू लागला की ती फिरून बसती, धा जागी उगावती. सोमवारी सोमवती आवस हाय. त्या दिवशी घिऊन या पोरीला. गाठ सुटली, निस्तं मूळ ऱ्हायलंय. ते मी अंगठ्यानं काढतो."

सोमवार! सोमवारी अंकिताला सांगलीच्या दवाखान्यात भरती करायचं होतं आणि बुधवारी ऑपरेशन होतं.

ही माणसं कडेगाव तालुक्यातली. घरचा ऊस, दोन म्हशी, एक जीप. अंकिताचा बाप विश्वजीत फौजेत, तिकडं अरुणाचलात कुठंतरी उंचावर. घरात सासू शालूबाई, सासरे आप्पासो, संयोगिता आणि ही एकुलती एक पोर. दीड महिन्यापूर्वी पोरीला साबण लावताना संयोगिताच्या हाताला डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं होतं. पोर तर खात होती, खेळत होती, कुठं दुखत नव्हतं. तरी ती दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना घेऊन सांगलीला गेली. शहाणी बाई! एवढं शहाणपण तिनं दाखवलं म्हणून तर पुढं काही करण्यासारखं उरलं.

सांगलीचे डॉक्टर भरतेश यांनी सोनोग्राफी केली, सीटी स्कॅन केला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "अंकिताच्या डाव्या किडनीला गाठ आहे. हा लहान मुलांना होणारा कॅन्सर. घाबरू नका म्हणणार नाही, पण पुढचंही नीट ऐका. हा बरा होणाऱ्यांतला आहे. वेळेत आणि पुरते उपचार झाले तर दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात. आधी चार आठवडे इंजेक्शनं देऊ, त्यानं गाठ आक्रसेल. पाचव्या आठवड्यात ऑपरेशन करून ती किडनी गाठीसकट काढू. दुसरी किडनी चांगली आहे, एका किडनीवर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. मग पुन्हा काही महिने इंजेक्शनं."

"आणि एक," डॉक्टरांनी बोट उगारलं. "पोट दाबायचं नाही. तुम्ही नाही, आजीनं नाही, तेल लावणाऱ्या बाईनंही नाही. मीसुद्धा पुन्हा पुन्हा दाबत नाही. गाठीवर पातळ आवरण असतं, पिकल्या टोमॅटोची साल असते तसं. ते फुटलं तर कॅन्सर पोटभर सांडतो."

तिथल्या सिस्टर प्रीती यांनी तर मोठ्या अक्षरात लिहून कॉटच्या वर कागदच चिकटवला: 'पोट दाबू नये.'

एवढं सगळं डॉक्टर बोलले, पण घरी पोचेपर्यंत त्यातले दोनच शब्द शिल्लक राहिले: किडनी काढायची. आणि मग आली बघायला सगळी भावकी. एक म्हणाला, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. दुसरा म्हणाला, पसरतोच, आमच्या चुलत्याचं बघितलंय. अरे बाबांनो, तुमचा चुलता गेला दवाखान्यात तेव्हा आजार सगळ्या पोटात पसरलेला होता, डॉक्टरांनी उघडलं आणि तसंच शिवलं! पसरला आधी, चाकू लागला नंतर. पण दोष कुणाला? चाकूला! ह्या एका वाक्यानं आपल्याकडं जेवढी माणसं मारली तेवढी कुठल्या साथीनं मारली नसतील.

त्यात इंजेक्शनांनी पोरीचे केस झडले. उशीवर केसांचा पुंजका बघून शालूबाईनं हंबरडा फोडला. "आगं, औषिद हाय का ईख? पोर वाळून चालली की गं माझी!" बुडत्याला काडीचा आधार लागतो. तिसरं इंजेक्शन सोमवारी झालं आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी शालूबाई नातीला घेऊन सोडवणबाबाच्या माळावर आली.

त्या पहिल्या गुरुवारी बाबानं तांबड्या दोऱ्यानं माप घेतलं, गाठ मारून सोडवली आणि मग अंगठा पोरीच्या पोटाला लावला. संयोगिता पुढं सरली होती. "दाबू नका म्हनून सांगितलंय दवाखान्यात."

"दवाखान्याचा अंगठा येगळा, बाबाचा येगळा," बाबा हसला, आणि बाबा हसला म्हणून लोकही हसले. शालूबाईनं पोरीचे पाय धरले. बाबानं अंगठा दाबला. अंकिता अशी किंचाळली की शेडवरचे पारवे उडाले. संयोगितानं तोंड फिरवलं होतं. फिरवलं होतं, ही गोष्ट खरी, आणि ती तिची तिला माफ नाही.

आता दुसरा गुरुवार झाला होता, चार बोटं दोरा उरला होता, आणि घरात ऑपरेशन रद्द झाल्यात जमा होतं. विश्वजीतचा फोन लागला तेव्हा संयोगितानं त्याला कळवळून सगळं सांगितलं. तिकडून तोही म्हणाला, "अगं, गाठ कमी झाली ना? मग कापायचं कशाला? आई म्हणते तसं कर. मला इथून काय कळणार?" हे बोलता बोलता रेंज गेली. त्याचं तरी काय चुकलं? गाठ कमी झाली मग कापायचं कशाला, हा सवाल कुठल्याही साध्या माणसाला पडेल असाच होता. संयोगितालाही पडला होता. तिला देवावर भरवसा नव्हता असं नाही, डॉक्टरवर होता असंही नाही. तिला फक्त पोर हवी होती, आणि कुणाचं ऐकलं तर पोर राहील, हे तिला कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती गोठ्यात धार काढायला बसली. रेडकू नेहमीप्रमाणं खुंट्याला बांधलेलं होतं. बांधलेल्या गाठीचं एक टोक लोंबत होतं. रेडकानं ते टोक तोंडात धरलं, मान झटकली, आणि गाठ फटकन सुटली. रेडकू मोकळं होऊन म्हशीच्या कासेला लागलं.

"मेल्या, बाबा झालास काय!" ती सहज बोलून गेली. आणि बोलल्यावर तिचा हात जागीच थांबला.

गोठ्यात रोज आपण कसली गाठ मारतो? सुरगाठ. जनावर पटकन सोडता यावं म्हणून दोऱ्याचा फेरा अर्धा आत घालून ठेवायचा. सुरगाठीला टोकं दोन. एक ओढलं तर गाठ आवळते, दुसरं ओढलं तर सुटते, मागमूस राहत नाही. आणि जी सुटू नये ती निरगाठ. गाईम्हशी असलेल्या घरातली पाच वर्षांची पोरसुद्धा हे सांगेल. मग दोनशे माणसांना माळावर हे का कळलं नाही? कारण वर हिरवा खण होता. आणि टोक हातात कोण देत होतं? बाबा. "हे धर आनि वढ," असं म्हणून प्रत्येक वेळी नेमकं सुटायचं तेच टोक!

धार तशीच टाकून ती घरात पळाली.

गाठ सुरगाठ होती, ठीक. पण पोट? पोट तर खरंच कमी झालं होतं, ते कसं? तिनं दवाखान्याची फाईल काढली. रिपोर्ट इंग्रजीत, पण बारावी झालेली बाई, आकडे आणि तारखा तर वाचता येतात. सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट होते. पहिला, उपचार सुरू होण्याआधीचा. दुसरा तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशीचा, म्हणजे सोमवारचा. तिनं सिस्टर प्रीतींना फोन लावला आणि दोन्ही रिपोर्टांवरचे आकडे वाचून दाखवले.

"हो, बरोबर," प्रीती म्हणाल्या. "आधी गाठ साडेअकरा सेंटिमीटर होती. दुसऱ्या तपासणीत आठ. औषध छान लागू पडलंय, ह्या सोमवारच्या चौथ्या इंजेक्शननं आणखी उतरली असेल. सरांनी सांगितलं होतं ना तुमच्या सासऱ्यांना?"

सांगितलं असेल. आप्पासोंनी ऐकलंही असेल. पण 'साडेअकरा', 'आठ' हे आकडे माळावर कोण ओरडणार? त्यांना कुठं खण आणि बुक्का होता?

"म्हंजी सोमवारीच ती बारकी झाली हुती?" संयोगितानं पुन्हा विचारलं. "आन बाबाकडं आमी गेलो गुरवारी."

"कुठल्या बाबाकडं?"

बोलून गेल्यावर माघार कुठली. तिनं सगळं सांगितलं. सुया डॉक्टरांनी टोचल्या, केस पोरीनं घालवले, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! प्रीती सगळं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"पोट नाही ना दाबलं त्यानं?"

"दाबलं. पैल्याच गुरवारी," संयोगिता म्हणाली.

"संयोगिता," त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. पण आता एक दिवससुद्धा घालवू नका. गाठ लहान झाली म्हणजे गेली नाही. औषधानं ती फक्त काढण्यासारखी झालीय. आत्ता काढली नाही तर ती पुन्हा वाढेल, आणि मग औषधालाही दाद देणार नाही. सोमवारी या. आणि पुन्हा त्या माणसाचा हात पोटाला लागू देऊ नका."

रविवारभर ती सासूच्या पाया पडली. सासऱ्यांपुढं फाईल धरली. आप्पासो भला माणूस, पण त्यांना बायकोपुढं बोलायची सवय नव्हती आणि देवाच्या नावापुढं तर नाहीच. "मला कागदातलं काय कळतंय पोरी," एवढंच ते म्हणाले. शालूबाई मात्र ताडकन उठली. "तुला पोर मारायचीय का? बाबाचा कोप झाला म्हंजी?" आणि तिनं नातीला उराशी असं घट्ट धरलं की संयोगिताचा जीव अर्धा झाला. म्हातारीचाही त्या पोरीत जीव होता, हीच तर खरी अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. मायेनं चुकणाऱ्याशी कसं भांडायचं?

सोमवारी सकाळी जीप निघाली ती माळाकडं. संयोगितानं दवाखान्याची पिशवी सीटखाली सारली, आणि सासूला एवढंच म्हणाली, "आत्ती, येते मी. पर आज दोऱ्याला गाठ मी मारणार. आईच्या हातची."

"मार की. आईची गाठ तर लय चांगली," शालूबाई म्हणाली. बिचारीला काय ठाऊक!

आवसेमुळं माळावर जत्राच होती. शेडपुढं रांग, रांगेत गळ्याला गाठी आलेले, काखेत गळू झालेले, वायगोळ्यानं वाकलेले. ज्याचं गळू आपोआप पिकून फुटायचं तो बाबाचा भक्त व्हायचा. ज्याचं बरं व्हायचं नाही तो पुन्हा माळावर यायचा नाही. उरलेले सगळे बरे झालेलेच! बाबाच्या कीर्तीचा हिशेब असा होता. अंकिताला सतरंजीवर निजवलं. बाबानं हात चोळले.

"ही बघा माजी पोरगी! दवाखानं थकलं, बाबा न्हाई थकला. आज मूळ काढणार. गाठ नशिबाची..."

"बाबा," संयोगिता मध्येच म्हणाली, "आजची गाठ मी मारते."

"गाठ बाबाच मारतो, बाई."

"आवं, गाठ नशिबाची आन सोडवण तुमची, असं तुमीच म्हनताय की. मग कुणी बी मारली तर सोडवाल न्हवं?"

गर्दीला मजा वाटली. "आरं, मारू दे की!" कुणीतरी मागून ओरडला. "बाबाला काय जड हाय!" बाबानं गर्दीकडं बघितलं. नाही म्हणावं तर पंचाईत. "मार," तो म्हणाला.

संयोगितानं पोरीच्या कमरेचा करदोरा काढून तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि एकावर एक दोन निरगाठी मारून दातानं आवळल्या. वर स्वतःच्या हातानं हिरवा खण टाकला. "सोडवा."

बाबानं पुटपुटायला सुरुवात केली. हात खणाखाली गेले. पुटपुटणं वाढलं, हात तिथंच. एक टोक ओढलं, गाठ आवळली. दुसरं ओढलं, आणखी आवळली. कपाळावरचा बुक्का घामानं नाकावर उतरला. शेवटी खण सरकला, आणि भर माळावर सगळ्यांनी बघितलं, की सोडवणबाबा नखांनी ओली गाठ उकरतोय.

"आज आवस हाय, गाठीत बाधा शिरलीय..." बाबा म्हणाला.

"आवशीला तर मूळ काढणार होता न्हवं?" संयोगितानं तो दोरा ओढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचलेली दुसरी दोरी काढली. सगळ्यांना दिसेल अशी तिनं सुरगाठ मारली, पोरीच्या पोटावर खण टाकला आणि दोरीचं एक टोक अंकिताच्या मुठीत दिलं. "अंकू, फू कर आन वढ गं बाळा."

अंकितानं गाल फुगवून फुंकर मारली आणि टोक ओढलं. गाठ सुटली. पोर हसली. कित्येक दिवसांनी हसली.

"आता हिच्या बी पाया पडा!" संयोगिता गर्दीकडं वळली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सुरगाठ हाय ही! तुमच्या-माज्या गोठ्यातली! रेडकू सोडतंय ही दातानं! आन पोट कमी झालं ते सुईनं झालं. हा बघा कागूद. तिसऱ्या सुईच्या सोमवारचा हाय. ह्याच्या माळावर आमी त्याच्या फुडच्या गुरवारी पाय ठेवला. ह्यानं दोरा मापायच्या आधीच गाठ साडेतीन सेंटिमीटर उतरली हुती!"

बाबाच्या लक्षात आलं की आता हात आवरला तर कायमचा आवरला. तो झेपावून पोरीजवळ बसला. "मूळ ऱ्हायलं तर पोर हातची जाईल! मग माझ्या नावानं रडू नका!" आणि त्यानं अंगठा उगारला.

संयोगितानं पोरीवर अंगच टाकलं. दोन्ही कोपर सतरंजीवर टेकून, पोटाला आपला भार लागणार नाही अशी ती ओणवी राहिली. "मला दाब," ती ओरडली. "मला दाब भडव्या, तिला न्हाई!"

आणि तेव्हा आप्पासो हलले. इतका वेळ ते त्या सुटलेल्या दोरीकडं बघत होते. "चाळीस वर्सं बैलं बांधली मी," ते कुणाकडंच न बघता म्हणाले, "आन मला कळू नये?" त्यांनी बाबाचं मनगट धरून त्याला बाजूला सारलं, नातीला दोन्ही हातांवर आडवी अलगद उचलली आणि जीपकडं चालू लागले. "आवं, शाप..." शालूबाई मागून म्हणाली. "लागू दे मला," आप्पासो म्हणाले, "तू बस गाडीत."

अर्धी गर्दी पांगली. उरलेली अर्धी, तुम्हाला खरं वाटणार नाही, रांगेत तशीच उभी राहिली. "त्या बाईची नियत वंगाळ हुती," असं एक जण दुसऱ्याला समजावत होता.

दुपारी अंकिता सांगलीला भरती झाली. बुधवारी डॉक्टर भरतेश यांच्या दवाखान्यातल्या सर्जननी डावी किडनी गाठीसकट काढली. पाच तास लागले. संयोगिता त्या पाच तासांत पाणी प्यायली नाही. दहा दिवसांनी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तिघांनाही आत बोलावलं.

"गाठ पूर्ण निघाली. पण तिचं आवरण एका ठिकाणी फाटलेलं होतं, आणि बाहेर पोटात पेशी सापडल्या. त्यामुळं आजाराची पायरी वाढली. आता इंजेक्शनं जास्त महिने घ्यावी लागतील आणि पोटाला रेडिएशनचा शेकही द्यावा लागेल. बरी होण्याची आशा अजून चांगली आहे. पण वाट लांबली, आणि पोरीला त्रास जास्त होणार."

"कशानं फाटलं?" संयोगितानं विचारलं. उत्तर काय येणार ते तिला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "खोटं सांगणार नाही. कधी कधी अशी गाठ आपली आपण फुटते. अंगठ्यानं फुटली की आपोआप, हे मला कुठल्याच तपासणीत दिसत नाही. आता कुणालाच सांगता येणार नाही."

शालूबाई खुर्चीतून घसरून खाली जमिनीवर बसली. "मी पाय धरलं हुतं," ती म्हणाली. "मी धरलं हुतं तिचं पाय." तेच वाक्य ती दिवसभर बोलत राहिली. संयोगिताला सासूचा राग आला, मग तिची कीव आली, आणि मग स्वतःचं फिरवलेलं तोंड आठवलं आणि तिनं म्हातारीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. दोघी रडल्या. रडून आवरण शिवलं जात नाही, हे दोघींना कळत होतं.

सोडवणबाबा त्याच आठवड्यात माळ सोडून गेला. गावातल्या शिक्षकांनी पोलिसांत तक्रार दिली, पोलीस आले तोवर शेडचे पत्रेही नव्हते. कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. असल्यांना गावं कमी नाहीत आणि भोळी माणसं तर त्याहून नाहीत.

रेडिएशनचा तिसरा आठवडा चालू होता. अंकिताला सकाळपासून उलट्या होत होत्या. संयोगिता तिचं तोंड पुसत कॉटवर बसली होती आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुमी अंकिताच्या आई न्हवं? तुमच्या भावकीतल्याकडनं नंबर मिळवला. आमी कोरेगावकडची. माझ्या ल्योकाच्या पोटात गाठ हाय म्हनत्यात. तीन वर्सांचा हाय ओ. तुमच्या पोरीचा व्हिडिओ आलाय समद्यांच्या मोबाईलवर, दोरा चार बोटं उरला त्यो. बाबा कुठं असतो आता? पत्ता द्या की. पाया पडते."

दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी तो व्हिडिओ काढला होता. सोमवारचा कुणी काढला नव्हता, किंवा काढला असला तरी पुढं कुणी पाठवला नव्हता. संयोगिताची पोर इथं उलट्या करत होती, आणि तिकडं गावोगावच्या मोबाईलवर तीच पोर बरी होऊन बाबाची जाहिरात करत होती. संयोगितानं पोरीचं तोंड पुन्हा पुसलं.

"ताई?"

"पोरगं कुठं हाय आत्ता?"

"मांडीवर हाय."

"त्याच्या पोटाला कुणी हात लावलाय? दाबलंय कुणी?"

"अजून न्हाई."

"लावू दिऊ नका. कुणालाच, तुमच्या सासूला बी न्हाई. कागूद-पेन घ्या. पत्ता लिवा." तिनं सांगलीच्या दवाखान्याचं नाव सांगितलं, दुसरा मजला, डॉक्टर भरतेश, सिस्टर प्रीती, आणि प्रीतींचा नंबर दोनदा म्हणून घेतला.

"आवं, हे तर दवाखान्याचं झालं. मी बाबाचा मागतिया. सगळी म्हनत्यात चाकू लागला की पसरतंय."

"बाई, ऐका," संयोगिता म्हणाली. "व्हिडिओतली पोर माझी हाय. तिची गाठ औषधानं बारकी झाली आन डॉक्टरनं काढली. बाबानं निस्ती दाबली. त्याची फेड पोर आज माझ्या म्होरं करतीया. माझ्यावर बी इस्वास ठेवू नका, कुणावरच ठेवू नका. दवाखान्यात जावा, तपासा, कागदावरचे आकडे स्वतः वाचा, न्हाई कळलं तर धा वेळा इचारा. ह्यातली लेकरं बरी व्हत्यात. पर वेळेत गेली तर."

पलीकडं बाई रडत होती. मागं तिचं पोरगं काहीतरी मागत होतं.

"सांगलीला गाडी कितीला हाय तुमच्याकडनं?" संयोगितानं विचारलं.

"साडेअकराला."

"मग फोन ठेवा आन निघा."